हाक कुणाला ऐकू गेली

मुलांनो, जरा माझ्याबरोबर चला. अशी कल्पना करा की तुम्ही एका नाट्यगृहात आहात. पण खुर्चीत बसलेले नाही. रंगमंचाच्या कडेला काळे उभे पडदे टांगलेले असतात, नाटकवाले त्या जागेला विंग म्हणतात, तिथे तुम्ही आहात. समोरचा मखमली पडदा अजून बंद आहे. त्याच्या पलीकडे माणसं येऊन बसतायत, खुर्च्या करकरतायत, कुणीतरी चिवड्याची पुडी फोडतंय. तुमच्यापुढे टेबल आहे, टेबलावर शाळेचा कॉम्प्युटर, आणि कीबोर्ड तुमच्या बोटांखाली. कीबोर्डच्या वरच्या कडेला छोट्या कळांची एक ओळ आहे. एक कळ गाणं वाजवणारी, एक पुढच्या गाण्यावर नेणारी, एक मागच्या, दोन आवाज कमीजास्त करणाऱ्या. तुम्ही वाजवायची कळ दाबता.

काहीच होत नाही.

पुन्हा दाबता. तरी नाही. आता थोड्याच वेळात पडदा वर जाणार आहे. काय होईल तुमचं?

सन्मतीचं तसंच झालं होतं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बाई, दाबलं की. काहीच वाजंना झालंय."

"हळू दाबून बघ."

"हळू पण दाबलं. जोरात पण दाबलं."

सन्मती चौगुले सातवीत होती. वारणाकाठच्या एका खेड्यातून त्याच वर्षी आमच्या सांगलीच्या शाळेत आलेली. मी त्या शाळेत विज्ञान शिकवत असे, आणि बालनाट्याच्या स्पर्धेला शाळेचं नाटक निघालं की आवाजांचं टेबल माझ्याकडे असे. नाटक बसवायचे दिवाण सर. त्या वर्षी नाटक होतं तळ्याकाठच्या कुसुंबी नावाच्या मुलीचं आणि एका टिटवीचं. टिटवी रंगमंचावर कधी दिसत नसे, नुसती ऐकू येई. कुसुंबी तिच्याशी बोले, भांडे, रुसे, आणि टिटवी तिला उत्तर देई. ते उत्तर म्हणजे कॉम्प्युटरमधला आवाज. तो नेमका आला नाही, तर कुसुंबी म्हणजे एकटीच हातवारे करत बडबडणारी पोर.

नाटकाची सुरुवातच टिटवीने होती. तिसरी घंटा, मग सगळीकडे काळोख, आणि त्या काळोखात टिटवीची पहिली हाक. कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा उजेड बाहेर फुटू नये म्हणून आम्ही त्यावर काळं कापड टाकत असू. सन्मतीला सगळं बोटांनी, न बघता वाजवायचं होतं. म्हणून तर त्या कळांना एवढं महत्त्व.

मी स्वतः दाबून बघितलं. काही नाही. आवाज वाढवायची कळ दाबली, तर आमच्या छोट्या स्पीकरची खरखर वाढली. कमी करायची दाबली, कमी झाली. पुढच्या आवाजाची दाबली, शांत. सभागृहाचे मोठे स्पीकर अजून जोडायचे होते, म्हणून बरं. आमची फजिती बाहेर ऐकू जात नव्हती.

"काय गं टिटवी, घसा बसला का तुझा?"

केतकी आठल्ये मागे येऊन उभी होती. कुसुंबीचं काम तिचं. परकर-पोलकं, दोन वेण्या, एका डोळ्यात काजळ घातलेलं आणि एका डोळ्यात घालायचं राहिलेलं. सन्मतीला टिटवी हे नाव तिनेच ठेवलं होतं आणि ते सगळ्या पोरांच्या तोंडी बसलं होतं.

आधीची दोन वर्षं त्या टेबलाशी केतकी बसायची. ह्या वर्षी नाटकाचं पहिलं वाचन चाललं होतं तेव्हा सन्मती मागच्या बाकावरून म्हणाली, "बाई, टिटवी अशी लगेच नाही वरडत. आधी सगळं गप होतंय. मग वरडती."

"वरडती नाही, ओरडते," केतकी म्हणाली.

"आमच्याकडची वरडतीच."

सगळा वर्ग हसला. केतकी नाही हसली. मी सन्मतीला टेबलाशी बसवून पाहिलं, आणि त्या पोरीचं बोट असं काही नेमकं पडलं की दिवाण सर हातातलं पुस्तक मिटून ऐकत राहिले. केतकीला आम्ही कुसुंबी केलं. तिच्या आईने शाळेत पेढे वाटले. सगळ्यांबरोबर केतकीनेही एक पेढा खाल्ला. नाटकातलं मोठं काम मिळालं, पोरगी खूश असणार, असंच आम्ही सगळे धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी टेबलाच्या खुर्चीवरची उशी नाहीशी झाली. ती केतकीने घरून आणलेली होती, तिने ती परत नेली. सन्मती बुटकी, तिचा हात टेबलावर पुरेना. ती मुकाट्याने दप्तर खुर्चीवर ठेवून त्यावर बसू लागली. तालमीत केतकीचं काम नसलं की ती येऊन टेबलामागे उभी राही. "बाई, तिने बोट आत्तापासूनच कळेवर ठेवलंय." "बाई, ती श्वास धरते, मला इथवर ऐकू येतं." "बाई, तिच्या नखांत माती आहे, बघा." मी म्हणायची, "केतकी, तुझे संवाद पाठ झाले का?" संवाद तिचे केव्हाच पाठ झालेले असत. टिटवीचेसुद्धा.

आता ती पुढे झाली आणि कीबोर्डवर वाकली.

"बाई, कुंकू!"

"काय?"

"कुंकू आहे बघा कळांवर. हिने सकाळी लावलंय. ओलं!"

ते खरंच होतं. त्या सकाळी रंगमंचाची पूजा झाली. नटराजाला हार घातला, नारळ फोडला, आणि मग ज्याने त्याने आपापल्या सामानाला हळदकुंकू वाहिलं. पेटीला, ढोलकीला, दिव्यांच्या बटणांच्या फळीला. कॉम्प्युटरची पूजा सन्मतीकडे आली. घरी उंबऱ्यावर ओढतात तशी तिने ओल्या कुंकवाची बोटं ओढली, आणि ती नेमकी वरच्या कळांवर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर मूठभर अक्षता. केतकीने ते सकाळीच पाहिलं होतं. तेव्हा ती काही बोलली नव्हती.

"देवाला लावलं मी," सन्मती म्हणाली.

"देवाला कुठे? बटणाला लावलंस. लग्नात जाऊन आल्यासारखं केलंय त्याचं."

"बटणाचं लग्न!" सुदर्शन ओरडला. तो बैलाचं मागचं अंग होता आणि कमरेपर्यंत आधीच बैल झाला होता. "अक्षता पण पडल्या! शुभमंगल सावधान!"

पोरं खिदळायला लागली. गलका ऐकून दिवाण सर धावत आले.

"काय झालं? काय वाजत नाही?"

"सर, सन्मतीनं कुंकू लावलं!" "सर, कीबोर्डमध्ये तांदूळ गेले!" "सर, टिटवी मेली!"

"अरे देवा," सर खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले. "बाई, आपल्या आधीच्या शाळेचं सामान निघालंसुद्धा. पहिली घंटा झाली."

"कुणी केलं ते राहू दे," मी मुलांना म्हणाले. "काय झालंय तेवढं बघू. सन्मती, धर हे. उलटं कर."

आम्ही दोघींनी कीबोर्ड उलटा धरला आणि थोपटला. टेबलावर अक्षता पडल्या, पेन्सिलचा छिलका पडला, कधीचा तरी शेंगदाणा पडला. सन्मतीने कळ दाबली. काही नाही. मेकअपच्या डब्यातला कापूस घेऊन मी कळांच्या फटी पुसल्या, कापूस लाल झाला. काही नाही. कॉम्प्युटरमागे हात घालून वायर काढली, दुसऱ्या खोबणीत लावली. नाहीच.

सन्मतीचा खालचा ओठ आत गेला होता. ती रडत नव्हती. बोटावर राहिलेलं कुंकू ती दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घासत होती, आणि ते जात नव्हतं.

"आता पुरे," दिवाण सर म्हणाले. "कापड काढा. माउसने वाजवू."

"सर, उजेड थेट तळ्यावर पडेल. काळोख कसला राहतोय मग?" मी म्हणाले.

"पडू दे. टिटवी नसण्यापेक्षा उजेड बरा. सुदर्शन, तू बस माउसशी. तुझ्या घरी आहे ना कॉम्प्युटर?"

"सर, मी बैलाचा मागचा भाग आहे!"

"मागचा भाग तिसऱ्या प्रवेशात लागतो. तोवर बस." मग सर सन्मतीकडे वळले. ते रागावले नव्हते, घाईत होते, आणि घाईतला माणूस किती लागेल असं बोलतो ते त्याला कळत नाही. "ऊठ बाळ. तुझ्या हातून झालंय, पण राहू दे आता. तू तिकडे मुलींच्यात जाऊन बस."

सन्मती उठली. खुर्चीवरचं दप्तर तिने उचललं, आणि ते पोटाशी धरून तिथेच उभी राहिली, कारण 'तिकडे मुलींच्यात' म्हणजे नक्की कुठे ते तिला कळेना. पोरांनी वाट करून दिली. कुणीतरी हळूच म्हणालं, "एवढं पण कळत नाही, कुंकू लावतात होय."

केतकी खांबाला लावलेल्या छोट्या आरशात बघून दुसऱ्या डोळ्यात काजळ घालत होती. मी तिच्याकडे पाहिलं. सुदर्शनकडे तिचं लक्ष नव्हतं, सन्मतीकडेही नव्हतं. आरशातून ती त्या रिकाम्या झालेल्या खुर्चीकडे बघत होती.

"सर, मला जरा वेळ द्या," मी म्हणाले. "मला हे पटत नाही."

"बाई, वेळ आहे कुठे?"

"दुसऱ्या घंटेपर्यंत द्या. तुम्ही दिवे बघून या."

सर गेले. मी कापडाची कड वर केली, आत हात घालून माउसने आमचं टिटवीचं प्लेअर सुरू केलं. छोट्या स्पीकरमधून टिटवी स्वच्छ ओरडली. मी ते बंद केलं आणि कापड परत सोडलं.

"सन्मती, इकडे ये. दप्तर ठेव खाली. टिटवी आहे का कॉम्प्युटरमध्ये?"

"आहे."

"स्पीकर?"

"चालतोय."

"आवाज वाढवायच्या कळा?"

"त्या पण चालत्यात."

"कुंकू तू कुठल्या कळांवर लावलंस?"

तिने बोटाने हवेतच रेघ ओढली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ती थांबली आणि तिचे डोळे मोठे झाले. "सगळ्यांवर लावलं, बाई! आवाजाच्या कळांवर पण!"

"मग त्या का नाही बिघडल्या?"

सुदर्शन बैलाचे पाय सावरत जवळ सरकला. आणखी दोघंतिघं सरकली. मुलांना कोडं घातलं की ती आधीचं हसणं विसरतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

"कळ दाबली की काय होतं?" मी विचारलं.

"वाजतं," सुदर्शन म्हणाला.

"नाही. कळ कधी वाजवत नाही. कळ नुसती हाक मारते. 'अगं ए, वाजव!' एवढंच. कुणाला ते सांगत नाही. आत जो कुणी पहिला कान देऊन बसला असेल तो ओ देतो. आवाजाची हाक वेगळी, ती थेट कॉम्प्युटरच ऐकतो, म्हणून ती चुकली नाही. पण ही 'वाजव'ची हाक... वर्गात मी नाव न घेता 'अगं ए, ऊठ' म्हटलं, तर कोण उठतं?"

"पहिल्या बाकावरची," सन्मती म्हणाली.

"आणि शेवटच्या बाकावरची?"

"ती बसूनच राहती. तिला वाटतंय, दुसरीला बोलावलं."

"आपली टिटवी बसून राहिलीय."

सन्मती कापडाकडे बघायला लागली. "म्हणजे आत दुसरंच कोणतरी पहिल्या बाकावर बसलंय? आणि तेच उठतंय?"

"उठतंय, आणि गुपचूप वाजतंयही कदाचित. आवाज दाबून. आपल्याला दिसत नाही, कारण आपण वर कापड टाकलंय."

खांबाशी काहीतरी पडलं. केतकीच्या हातातली काजळाची डबी होती ती. तिने ती उचलली नाही.

"कोण बसलंय?" सन्मती म्हणाली.

"बघू या ना," म्हणत मी कापडाला हात घातला.

"बाई, मी बघते."

केतकी माझ्या आणि टेबलाच्या मध्ये येऊन उभी होती. चेहऱ्यावर रंग होता, तरी त्याखालचा रंग उतरलेला दिसत होता.

"तुम्ही नका बघू. मी बघते. मला येतं."

आणि मी काही म्हणायच्या आत तिने डोकं कापडाखाली घातलं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने सन्मतीनेही घातलं. टेबल तिचं होतं ना. मग मीही वाकले. जुन्या काळी फोटोवाले काळ्या कापडाखाली डोकं घालत, तशा आम्ही तिघी. आत स्क्रीनचा निळा उजेड आणि केतकीच्या वेण्यांना लावलेल्या तेलाचा वास.

स्क्रीनच्या तळाशी दोन प्लेअर मिटून ठेवलेली होती. एक आमचं टिटवीचं. केतकीने बाण दुसऱ्यावर नेला, ते उघडलं, आणि बंद करायची फुली शोधायला लागली. ती घाई करत होती. फुलीऐवजी भलतीकडेच बाण पडला, त्या प्लेअरचा गळा मोकळा झाला, आणि छोट्या स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला.

"थांब... थांब, केतकी... अगं थांब की जरा... अजून थांब... हां, आता!" मग ढोलकीची एक थाप. आणि मग, "शाब्बास गं राणी!"

तो माझाच आवाज होता. आदल्या वर्षीच्या तालमीतला. केतकीचं बोट नेहमी घाईने पडायचं. म्हणून त्या वर्षी मी माझं स्टूल तिच्या खुर्चीला चिकटवून बसायची, आणि तिचं मनगट हातात धरून ठेवायची, नेमकी वेळ येईपर्यंत. कुणीतरी ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. ते तिने शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलंय हे मला माहीत नव्हतं.

आवाज पुन्हा सुरू झाला, "थांब... थांब, केतकी..." तेव्हा तिला फुली सापडली.

बाहेर सुदर्शन विचारत होता, "कोण होतं? बाई, कोण होतं पहिल्या बाकावर?"

"मी मुद्दाम नाही केलं," केतकी म्हणाली. अगदी हळू. "सकाळी लवकर आले होते. कुणी नव्हतं. ऐकत बसले. मग तुम्ही सगळी आलात, म्हणून आवाज दाबला आणि मिटवलं. मला नव्हतं माहीत, असं होतं म्हणून."

"मग आत्ता कळलं तुला?" सन्मतीने विचारलं.

"बाई हाकेचं सांगत होत्या तेव्हा."

"तेव्हा का नाही बोललीस?"

केतकी स्क्रीनकडे बघत राहिली. टिटवीचं प्लेअर आता एकटंच उरलं होतं.

"तुला उठवलं होतं ना," ती म्हणाली. "बरं वाटत होतं."

मी काही बोलणार होते. काय ते आता आठवत नाही, आणि बोलले नाही तेच बरं झालं, कारण सन्मती केतकीकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. मला आधी कळेचना की काय आहे ते. मग कळलं. आरशातून खुर्चीकडे बघताना केतकीच्या तोंडावर जे होतं, तेच होतं.

"तुला बाईंनी किती वेळा थांब म्हटलंय गं," सन्मती म्हणाली. "मला एकदापण नाही."

"तुला लागतच नाही ते."

"म्हणून काय झालं? मी वाजवते आन् बाई लांबून मान हलवत्यात. शेजारी एकदापण बसल्या नाहीत. सगळी म्हणत्यात, तुला बाईंनी हात धरून शिकवलंय. मला कुणी हात धरून काहीच शिकवलं नाही इथं आल्यापासनं."

दुसरी घंटा झाली.

आम्ही तिघी कापडाखालून बाहेर आलो. दिवाण सर पडद्यामागून घाईने येत होते. "काय बाई? सुदर्शनला बसवायचं ना?"

सन्मतीने हात लांब करून वाजवायची कळ दाबली. टिटवी ओरडली. पोरांनी उड्या मारल्या, सुदर्शनने बैलाची शेपटी फिरवली.

"निघालं का कुंकू?" सर म्हणाले. "वा! बघ सन्मती, पुन्हा असं करायचं नाही हं."

सन्मतीने मान खाली घातली. मी तोंड उघडलं. पण त्याआधीच केतकी पुढे झाली होती.

"सर, कुंकवाने नव्हतं झालं."

"मग?"

"माझ्याने झालं होतं. मी दुसरं प्लेअर उघडं ठेवलं होतं. आणि मला कळल्यावरपण मी सांगितलं नाही." ती हे सगळ्यांदेखत म्हणाली, मोठ्याने, संवाद म्हणताना उभी राहायची तशी ताठ उभी राहून. फक्त शेवटचा शब्द फुटला.

सर तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "हे काय चाललंय?"

"नाटकानंतर, सर," मी म्हणाले.

"नाटकानंतर तर नाटकानंतर. चला, जागेवर! सन्मती, बस बाळ. बस, बस, तुझीच जागा ती." जाता जाता त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. माफी मागायची त्यांची तीच रीत होती. "केतकी, डोळे पूस. काजळ गालावर आलंय सगळं."

मोठे स्पीकर जोडले गेले. पोरं आपापल्या विंगेत पांगली. केतकीची एन्ट्री आमच्याच बाजूने होती. टिटवी ओरडली की कुसुंबी काळोखातच धावत तळ्यावर जाणार, आणि मग दिवे हळूहळू येणार. ती खांबाशी जाऊन उभी राहिली, मनगटाने गाल पुसत. पुसलं तसं काजळ जास्तच पसरलं.

सन्मती दप्तर ठेवून खुर्चीवर चढली. बोटाने चाचपून तिने कळ शोधली, आणि बोट तिथे न ठेवता शेजारी ठेवलं. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

तिसरी घंटा झाली. सभागृहातले दिवे गेले. मग आमच्याकडचेही गेले, आणि पडदा वर जातानाचा सरसर आवाज आला. पुढे सगळा काळोख आणि त्या काळोखात भरलेलं सभागृह. कुणी खोकत होतं. कुणाच्या तरी पोराने विचारलं, "आई, लाइट गेली?" आणि चारदोन माणसं हसली.

मी माझं स्टूल उचललं आणि पाय न वाजवता सन्मतीच्या खुर्चीकडे निघाले. हाताने चाचपत टेबलाशी पोचले, तर तिथे जागाच नव्हती. परकर गुडघ्यांत गोळा करून केतकी सन्मतीच्या पायाशी उकिडवी बसली होती. स्टूल हातात धरूनच मी उभी राहिले.

केतकीने वर हात केला, काळोखात सन्मतीचं मनगट शोधलं आणि धरलं.

"थांब," ती कुजबुजली.

सन्मतीचं बोट हललंही नव्हतं. तिला सांगायची काही गरज नव्हती, हे त्या दोघींनाही माहीत होतं. सभागृहात खोकणारा माणूस थांबला. एक खुर्ची करकरली.

"थांब, सन्मती."

पुडीचा कागद चुरगळला, आणि तोही गप झाला.

"अगं थांब की जरा... अजून थांब..."

आता कुठेच काही हलत नव्हतं. सगळं गप होतं.

"हां," केतकी म्हणाली, "आता." आणि तिने मनगट सोडलं, आणि टिटवीची हाक सभागृहभर गेली, आणि पहिला उजेड यायच्या आत ती उठून तळ्याकडे धावली.